आठ इंची की बारा इंची

त्या सोमवारी आप्पांनी मला एकच प्रश्न दोनदा विचारला. दोन्ही वेळा मी एकच उत्तर दिलं, आणि दोन्ही वेळा ते त्यांना पटलं नाही.

सकाळी मी कॉलेजला शिकवायला निघाले होते. पुढच्या सोप्यात, म्हणजे आप्पांच्या कामाच्या जागेत, बाकावर दोन पेट्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. जुन्या दाराच्या सागवानाच्या. बाजू झाल्या होत्या, पाठी बसल्या होत्या, आत कापसाचे थरही चिकटवून झाले होते. समोरच्या फळ्या तेवढ्या कोऱ्या होत्या. गावातच, टाकाळ्यावर, मी घेतलेल्या दोन खोल्यांसाठी हे स्पीकर. बिनलग्नाची मुलगी आईबापांच्या जवळच वेगळं घर करते यावरून आमच्याकडे जे वादळ झालं, ते आप्पांनी एका वाक्यात मिटवलं होतं. "जायाचं म्हणत्या तर जाऊ दे. मी तिला स्पीकर करून देतोय." त्यानंतर त्या विषयावर कुणी बोललं नाही. आमची आई, आव्वासुद्धा.

"आता फळी कापायची," आप्पा म्हणाले. कपाळावरची विभूती अजून ओली होती. "आठ इंची बसवू का बारा इंची?"

"तुम्हाला योग्य वाटेल तो बसवा."

"मला योग्य वाटायचा सवालच न्हाई की. ऐकणार कोण? तू. मग काय ऐकणार ते सांग."

आठ इंची गळ्यासाठी. ख्याल असो, कानडी वचन असो, गाणाऱ्यानं श्वास कुठं घेतला ते त्यात कळतं. बारा इंची ठेक्यासाठी. आठ इंचीचं भोक वर पडतं, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, आणि बारा इंचीचं खाली, जमिनीजवळ. एकदा पडलं की पडलं. चुकलं तर फळी वाया. असली रुंद फळी दुसरी मिळणार नव्हती, म्हणून आप्पा अडून बसले होते.

एरवी ते गिऱ्हाइकाला असं सरळ विचारत नसत. काय ऐकता असं विचारलं की माणसं खोटं बोलतात, हे त्यांना फार लवकर कळलं होतं. सगळे जण शास्त्रीय सांगतात. म्हणून ते गिऱ्हाइकाच्या बायकोला विचारत, "आंघोळीला बसल्यावर काय म्हणत्यात?" या रीतीनं त्यांनी गावातल्या कितीतरी घरांचे स्पीकर जमवून दिले होते. एकदाच फसले. एका वकिलांच्या बायकोनं सांगितलं, रोज देवाची नावं घेतात. आप्पांनी भजनाला साजेशी जोडी करून दिली आणि वकील तणतणत परत आले. त्यांना सिनेमाची गाणी ऐकायची होती. देवाची नावं पाणी गार असायचं म्हणून. तेव्हापासून आप्पा आधी विचारत, "पाणी गरम असतं का वो वैनी?"

संध्याकाळी मी परत आले तेव्हा त्यांनी पुन्हा विषय काढला.

"तू आंघोळीला गप्प असतीस. तितंच माझी पंचाईत झाल्या."

मी हसले. "आप्पा, तुम्हाला जे आवडतं तेच मला आवडतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. "मग आठ इंची," ते म्हणाले. पण कंपास त्यांनी उचलला नाही. "उद्या बघू," म्हणून पेट्यांवर धोतर टाकलं आणि हात धुवायला गेले. रात्री भाकरीबरोबर कांदा मागून घेतला. रेडिओवर बातम्या ऐकल्या. झोपताना माझ्या धाकट्या भावाला, शिवपुत्रला, सायकलीत हवा भरून ठेवायला सांगितलं.

मंगळवारी सकाळी चहाचा कप हातात असतानाच ते गेले.

*

आमच्या लिंगायत रीतीची शिवगणाराधना झाली, पुजारी जंगम जेवून गेले, पाहुण्यांची पांगापांग सुरू झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात आम्हीच उरलो: आव्वा, मी, शिवपुत्र आणि कुरुंदवाडची गुरव्वा आत्ती. आत्ती आप्पांची थोरली बहीण. तिची पिशवी भरून तयार होती, पण ती उठायचं नाव घेत नव्हती.

"चन्नम्मा," ती आव्वाला म्हणाली, "मी जाऊ कशी? बाकावरचं काम तसंच हाय की."

आव्वानं मान वर केली नाही. ती तांदूळ निवडत होती.

"आमच्या बाऽची रीत तुला ठावं हाय. कारागीर गेला तर बाकावरचं काम रक्ताच्या माणसानं पुरं करायचं. पावणं जायच्या आत. इकायचं न्हाई आन् अर्धं ठेवायचं न्हाई."

आमचे अज्जा, म्हणजे आप्पांचे वडील, हार्मोनियम करत. ते गेले तेव्हा बाकावर राहिलेल्या पेटीला आप्पांनी भाता चढवला होता, रडत रडत. हे आम्ही ऐकून होतो.

"ऱ्हाऊ दे तसंच," आव्वा म्हणाली. "त्यांनी केलंय तेवढं बास. मी त्यावर फोटो ठेवीन."

"फोटो ठेवायला फळी पुरं झाली असती. दोन खोकी कशाला?" आत्ती म्हणाली. "स्पीकर केलाय त्येनं. देव्हारा केला न्हाई."

आव्वाच्या मनात त्या वेळी काय होतं ते तिनं मला पुढं कधीतरी सांगितलं. फोटो हा बहाणा होता. पेट्या पुऱ्या झाल्या की त्या टाकाळ्याला जाणार, आणि त्यांच्या मागोमाग मी जाणार. भोक पडलं नाही तोवर मी घरात आहे, असा तिचा हिशेब होता. पण नवरा एवढं ठरवून गेलेला. उघड नको म्हणायची तिची छाती होत नव्हती. म्हणून ती सुपातले तेच तेच तांदूळ फिरवत होती.

"आन् करणार कोण?" तिनं विचारलं. "शिवाला तर खिळा ठोकता येत न्हाई."

"येतोय की!" शिवपुत्र म्हणाला.

"गप. मागल्या दिवाळीला आकाशकंदील टांगताना भिंतीचा गिलावा पाडलास," आत्ती म्हणाली. "बाळासोला बोलवा."

बाळासो म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ. बाळासो काका भिंतीपलीकडं राहत होते. अज्जांनी घराच्या मधोमध घातलेली ती भिंत. तरुणपणी काका हार्मोनियमचं काम सोडून एका तमाशाच्या फडात ढोलकी वाजवायला गेले आणि परत आले तोवर त्यांच्या वाट्याचं घर वेगळं झालेलं होतं. पलीकडच्या बाजूला त्यांनी लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा काढला. लग्नं, कुस्त्या, गणपती. दोघा भावांचं बोलणं तुटलं नव्हतं, पण ते आव्वामार्फत चालायचं. आप्पांना खांदा द्यायला काका पुढं होते. रुद्रभूमीतून परत आल्यावर मात्र ते आपल्या दारानंच आत गेले.

"मी बोलावतो," शिवपुत्र उठला.

"तू नगं," आत्ती म्हणाली. "त्येला वाटंल पोरानं बोलावलं. चन्नम्मा, तू जा."

आव्वानं सूप खाली ठेवलं. पदर नीट केला आणि पुढच्या दारानं बाहेर गेली.

*

काका सोप्यात आले ते चपला बाहेर काढून, परक्या घरात यावं तसे. धिप्पाड माणूस, पण उंबऱ्याशी अंग चोरून उभा राहिला.

"ये की पावणं," आत्ती म्हणाली. "का अक्षता पाठवायच्या होत्या?"

"आलोय न्हवं अक्का."

त्यांनी बाकावर हात ठेवला. अज्जांचाच तो बाक. याच बाकावर दोघं भाऊ रंधा मारायला शिकले होते. काकांनी पेटीवरचं धोतर काढून घडी घातली, ती छातीशी धरली आणि मग कुठं ठेवावी ते न कळून तशीच काखेत मारली. मग पेटीच्या सांध्यावरून अंगठा फिरवला.

"दादाचा हात," ते म्हणाले. "सांदा दिसत न्हाई."

"भावजी, तुमाला जमंल?" आव्वानं विचारलं.

"भोक पाडायला काय, वैनी. कितीचं पाडायचं ते सांगा."

"बारा इंची," शिवपुत्र लगेच म्हणाला. "काका, आता सगळीकडं बाराच बसवत्यात. बँकेतल्या आमच्या साहेबांकडं बघितलाय मी. गाणं लागलं की काचा हालत्यात."

"तुज्या साहेबाच्या काचा हालवायला दादानं ह्ये केलं न्हाई."

"तसं न्हवं. पण ताईकडं कोण आलं गेलं तर..."

"म्हंजे तूच येणार रोज," आत्ती म्हणाली. शिवपुत्र ओशाळला. ते खरं होतं. घरात आप्पांच्या पुढं त्याला सिनेमाची गाणी मोठ्यानं लावता येत नसत आणि टाकाळ्याच्या खोल्यांवर त्याची माझ्याहून जास्त भिस्त होती. आप्पा गेल्यापासून हा विचार मनात आला की त्याला स्वतःचीच लाज वाटायची, असं तो मला नंतर म्हणाला. म्हणून तो लगेच नरमला.

"खरं सांगू का? सोमवारी संध्याकाळी आप्पांनी ताईला विचारलं ते मी ऐकलंय. ती म्हणाली, तुम्हाला आवडतं तेच मला आवडतं. आप्पा म्हणाले, मग आठ इंची."

"झालं की मग," काका म्हणाले. "आठ इंची. दादाचा शब्द."

त्यांनी असं म्हणावं याचं मला नवल वाटलं. ढोलकीवाला माणूस आठ इंचीच्या बाजूनं बोलत होता. पण काकांचं गणित वेगळं होतं, तेही मला पुढं त्यांच्याच तोंडून कळलं. मी मॅट्रिकला होते तेव्हा आप्पांनी आव्वाकडून निरोप पाठवला होता: नीलाच्या अभ्यासाला आवाजाचा त्रास होतोय. काकांनी त्या दिवसापासून घरात ढोलकीला हात लावला नाही, की तसली रेकॉर्डही लावली नाही. भोंगे तपासायचे तर "हॅलो, हॅलो" म्हणत. शिकलेल्या पुतणीला आपली ढोलकी खपत नाही, तिला आपलीच शरम वाटते, हे त्यांनी इतक्या वर्षांत मनाशी पक्कं केलं होतं. कुठं भेटले तर माझ्याशी हवापाण्याचं बोलत. आता भाऊ गेला होता. निदान या कामात तरी आपल्या आवडीचा वास येऊ नये, एवढंच त्यांना पाहिजे होतं.

"स्पीकर आणून ठेवल्यात का दादानं?" त्यांनी विचारलं.

शिवपुत्रनं भिंतीवरच्या फळीवरचं खोकं काढलं. आत आठ इंची जोडी होती. त्याच्या मागं आणखी एक मोठं खोकं होतं. तेही काढलं. त्यात बारा इंची जोडी निघाली, नवी कोरी, चुंबकाला अजून कागद गुंडाळलेला.

"दोन्ही आणल्यात?" आव्वा म्हणाली.

काकांनी बारा इंचीचा कोन बोटानं हलकेच दाबून बघितला. "भारी माल हाय. असला त्यो कुणाला बसवायचा न्हाई."

"म्हंजे त्येला पटलं न्हवतं," आत्ती म्हणाली.

"काय?"

"पोरीचं उत्तर. पटलं असतं तर दोन कशाला आणलं असतं? माझा भाऊ काय खुळा हाय?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी दाराला टेकून उभी होते.

"आगं, तू आंघोळीला म्हणतीस तरी काय?" आत्तीनं विचारलं.

"ती काय म्हणत न्हाई," आव्वा म्हणाली. "लहानपणापासनं. मी बाहेरनं हाक मारायची, हाईस न्हवं आत?"

शिवपुत्र फस्सकन हसला आणि मग गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदाच आव्वाही हसली. तोंडाला पदर लावून हसली, आणि हसता हसताच डोळे पुसले.

"आठ इंचीच करा भावजी," ती म्हणाली. तिनं फोटोचा हट्ट सोडला हे सगळ्यांना कळलं. "त्यांचं गाणं तिच्या घरात लागू दे. जाईल तितं तेवढं तरी घेऊन जाईल."

"व्हय," काका म्हणाले.

"माजं काय म्हणणं न्हाई," शिवपुत्र म्हणाला.

असं सगळ्यांचं एकमत झालं. आमच्या घरात एकमत होणं ही सोपी गोष्ट नव्हती. भिंत घालताना झालं नव्हतं, मी टाकाळ्याला जायचं ठरवलं तेव्हाही नाही. ते मोडायचा मला धीर होईना. आणि ते सगळे चुकले होते असंही नव्हतं. आप्पांबरोबर मी खूप गाणं ऐकलं होतं. रविवारी सकाळी ते वचनांची रेकॉर्ड लावत आणि मला शेजारी बसवून शब्दांचा अर्थ विचारत. मराठी शिकवायला लागले तरी माझ्या कानात आधी ती कानडी वाक्यं असतात.

काकांनी मोजपट्टी लावली. फळीच्या मधोमध उभी रेघ ओढली. कंपासाचं टोक वरच्या बाजूला रोवलं आणि पेन्सिल फिरवली. पहिल्या पेटीवर गोल उमटला, मग दुसरीवर. पेट्या जमिनीवर ठेवून मी बसले की दोन्ही गोल माझ्या कानांच्या उंचीला येणार होते. मग त्यांनी खिळ्यावरचं गिरमिट काढलं. आधी गोलाच्या कडेला एक भोक पाडायचं, मग त्यात करवतीचं पातं घालून गोल कापत जायचं, अशी ती रीत.

"शिवा, पेटी धर. हालू देऊ नगंस."

शिवपुत्रनं दोन्ही हातांनी पेटी धरली. आव्वा जवळ येऊन उभी राहिली. आत्तीनं हात जोडले. काकांनी गिरमिटाचं टोक पेन्सिलीच्या रेघेवर टेकवलं.

मला वाटत होतं की आता एवढं झालं की सगळं सरळ होईल. मी टाकाळ्याला जाईन. या पेट्यांतून गळे ऐकेन. लोक म्हणतील, बापाची आवड मुलीनं चालवली. आणि पुढची वीस-तीस वर्षं माझ्या स्वतःच्या घरात मी दुसऱ्या कुणाच्या तरी आवडीनं बसून राहीन. आप्पांना हेच नको होतं. म्हणून तर त्यांनी दोनदा विचारलं. म्हणून त्यांनी कंपास उचलला नाही.

"काका, थांबा."

गिरमिट थांबलं.

"वर नको. खाली काढा. बारा इंची."

"शिवासाटी म्हणतीस व्हय?" काका म्हणाले. "ऱ्हाऊ दे. त्येचा विचार नगं करूस."

"शिवासाठी नाही. मला ढोलकी ऐकायची हाय."

हाय. वर्गात इतकी वर्षं जपलेली भाषा त्या क्षणी कुठं गेली कोण जाणे. काका माझ्याकडं बघत राहिले. त्यांना मी चेष्टा करते आहे असं वाटलं असावं.

"ढोलकी? तू कुटं ऐकलीस ढोलकी?"

"भिंतीतनं. माझी खाट त्या भिंतीला होती. तुम्ही पलीकडं वाजवायला बसलात की मी पुस्तक घेऊन भिंतीला पाठ लावायची. पाठीत वाजायची ती. कानाआधी पाठीत."

"आन् तुज्या अभ्यासाला तरास व्हायचा त्यो?"

"तो आप्पांना वाटला. मला कुणी विचारलं नव्हतं."

"तुम्ही बंद केल्यावर हिचे मार्क घसरले की," शिवपुत्र म्हणाला. आत्तीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला, पण तिचं तोंड हसत होतं.

काकांनी गिरमिट बाकावर ठेवलं. काखेतली धोतराची घडी काढून तिनं तोंड पुसलं, मग ते कुणाचं धोतर आहे ते ध्यानात येऊन ती घाईनं आव्वाच्या हातात दिली.

"एवढी वर्सं," ते म्हणाले. "मी आपलं हॅलो हॅलो करत बसलोय. आगं, एक हाक मारायची हुतीस की भिंतीवरनं." मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "दादाला का न्हाई सांगितलंस? त्येनं केला असता की. दोन शिव्या दिल्या असत्या आन् केला असता. आणून ठेवलाय बघ त्यो."

आव्वानं रबर शोधून आणलं होतं. ती वरचे गोल पुसायला लागली, एक पेटी झाली की दुसरी. तिच्या हाताशी फळी पुन्हा कोरी होत होती. काका उत्तराची वाट बघत होते, पण ते उत्तर त्यांचं नव्हतं. मी दार सोडून बाकापाशी गेले. ज्या बाजूला आप्पा उभे राहत त्या बाजूला कुणी उभं नव्हतं. मी तिकडं तोंड केलं.

"आप्पा," मी मोठ्यानं म्हणाले, "तुम्ही शेजारी बसायचात म्हणून मला वचनं आवडायची. एकटीनं ऐकायचं म्हणाल, तर मला ढोलकी पाहिजे. बारा इंची बसवा."